प्लॅन वाढवला तरी गेम अडकतोच! दुखणं स्पीडमध्ये नाही, घरात आणि तारेत आहे

सोलापूर : रात्रीचे नऊ वाजलेत. गावाबाहेरच्या वस्तीवर जेवणं उरकलीत. बाप अंगणात बाजेवर पडून बाजारभाव बघतोय, आई मोबाईलवर मालिका बघतीय, धाकटी पोरगी उद्याच्या टेस्टचा व्हिडिओ लावून बसलीय आणि थोरला पोरगा आतल्या खोलीत गेम खेळतोय. ऐन मोक्याला गेम अडकतो. पोरगा ओरडतो, "कोण नेट खातंय रं?" मग घरात भांडण. दुसऱ्या दिवशी नेटवाल्याला फोन जातो आणि नेटवाला सांगतो, "मोठा प्लॅन घ्या."

करमाळा, माढा, सांगोला, मंगळवेढा, कुठल्याही तालुक्यात गेलं तरी हे चित्र आता नवीन राहिलेलं नाही. महिन्याला दोनशे रुपये जादा म्हणजे वर्षाला २४०० रुपये. आजच्या दराने युरियाच्या नऊ गोण्या. एवढे पैसे जाऊनही गेम अडकायचा तो अडकतोच, कारण बहुतेक घरांत दुखणं एक आणि औषध भलतंच चाललंय.

स्पीड वेगळा, पिंग वेगळा

नेटवाले विकतात ते एमबीपीएस. म्हणजे एका सेकंदात किती माल येऊ शकतो. गेमला मात्र माल फार लागत नाही. मोबाईलवरचा लढाईचा गेम तासभर खेळला तर साधारण शंभर एमबीच्या आतबाहेर डेटा जातो. तेवढाच वेळ एचडी व्हिडिओ बघितला तर एक जीबीच्या वर जातो. म्हणजे व्हिडिओ चालतो आणि गेम अडकतो, तर स्पीड कमी पडतोय असं म्हणता येत नाही.

गेमला लागतो तो पिंग. दुधाच्या गाडीचं उदाहरण घ्या. गाडीत किती कॅन बसतात तो स्पीड. गाडी वस्तीवरून डेअरीला जाऊन परत यायला किती वेळ लागतो तो पिंग. गेमचा माल एकच छोटी किटली असते, पण ती एका सेकंदात कितीतरी वेळा पोचवून परत आणायची असते. गाडी मोठी घेतली म्हणून फेरी लवकर होत नाही.

पिंग मिलीसेकंदात मोजतात. गेमच्या स्क्रीनवर कोपऱ्यात हा आकडा दिसतो. पन्नासच्या आत असला तर उत्तम, शंभरपर्यंत चालतं, दोनशेच्या वर गेला की आपण गोळी मारायच्या आधीच समोरच्याने आपल्याला मारलेलं असतं. त्याहून वाईट म्हणजे हा आकडा खाली-वर होणं. एक फेरी चाळीसची, दुसरी तीनशेची. आणि सगळ्यात वाईट म्हणजे किटली वाटेतच सांडणं, ज्याला पॅकेट लॉस म्हणतात.

यात अंतराचा भागही आहे. फायबरमध्ये उजेड सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सोलापूर ते मुंबई चारशे किलोमीटर धरले तर जायला दोन आणि यायला दोन मिलीसेकंद पुरतात. म्हणजे सर्व्हर मुंबईत असेल तर अंतर हे कारणच नाही. सर्व्हर सिंगापूरला असेल तर मात्र पिंग पन्नास-साठच्या खाली सहसा येत नाही. तिथे राउटर बदलून, प्लॅन वाढवून काही उपयोग नाही. गेमच्या सेटिंगमध्ये जवळचा सर्व्हर निवडता येत असेल तर तो निवडावा, एवढंच.

आधी निदान, मग खर्च

जनावर आजारी पडलं की डॉक्टर आधी ताप बघतो. नेटचंही तसंच करायला पाहिजे, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

राउटरपासून चार-पाच फुटांवर बसायचं. घरातल्या बाकी सगळ्यांचे मोबाईल, टीव्ही, कॅमेरे वायफायवरून काढायचे. एकाच मोबाईलवर दहा मिनिटं गेम खेळायचा आणि पिंग बघायचा. मग तोच मोबाईल घेऊन नेहमीच्या जागी, आतल्या खोलीत जायचं आणि परत बघायचं. शेवटी सगळ्यांचे मोबाईल परत जोडून तिसऱ्यांदा बघायचं.

राउटरजवळ चांगलं आणि आतल्या खोलीत वाईट, तर दोष घरातल्या वायफायचा आहे. एकट्याला चांगलं आणि सगळे जोडल्यावर वाईट, तर दोष घरातल्या गर्दीचा आहे. राउटरजवळ, एकट्यालाही वाईट, तर दोष बाहेरच्या तारेचा किंवा टॉवरचा आहे. ही तीन दुखणी वेगवेगळी आहेत आणि तिन्हींचं औषध वेगळं आहे.

माळवद, पत्रा आणि धान्याची कोठी

आपल्याकडची घरं शहरातल्या फ्लॅटसारखी नसतात. जुन्या माळवदाच्या भिंती दगडमातीच्या, दोन-दोन फूट जाडीच्या. नव्या घरावर स्लॅब, मागे पत्र्याची खोली. वायफायच्या लहरींना जाड दगडी भिंत फार जड जाते आणि पत्रा तर त्यांना आरपार जाऊच देत नाही, मागे फेकतो. लोखंडी कपाट, धान्याची पत्र्याची कोठी, पाण्याची टाकी, फ्रिज, हे सगळे वायफायचे अडथळे आहेत.

आणि राउटर कुठे असतो? तर केबलवाल्याने जिथे तार आत घेतली तिथेच, दाराशेजारी, टीव्हीच्या मागे किंवा कपाटावर. पोरगा झोपतो मागच्या खोलीत. मध्ये दोन भिंती आणि एक कोठी. मग नेट पोचणार कसं?

राउटर घराच्या मधोमध, पुरुषभर उंचीवर, उघड्यावर टांगला तर निम्म्या घरांची तक्रार तिथेच कमी होईल. तार चार मीटर वाढवायला लागली तरी प्लॅन वाढवण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. फक्त फायबरची बारीक तार स्वतः ओढू नये. ती आतून काचेची असते. जोरात दुमडली, खिळा ठोकून आवळली किंवा उंदराने कुरतडली की सिग्नल कमी होतो. ते काम केबलवाल्याकडूनच करून घ्यावं.

२.४ की ५? गावठाणाला एक, वस्तीला एक

आताच्या बऱ्याच राउटरमध्ये दोन वायफाय दिसतात, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ गिगाहर्ट्झचं. २.४ लांब जातं, भिंतही बऱ्यापैकी ओलांडतं, पण त्यात गर्दी फार. ५ वेगवान आणि मोकळं, पण एक जाड भिंत आली की दम तोडतं.

गावठाणात घराला घर लागून. मोबाईलवर वायफाय शोधलं की दहा-बारा नावं दिसतात. सगळे २.४ वर, त्यात ब्लूटूथचीही भर. तिथे गेमसाठी ५ वापरावं आणि राउटर असेल त्याच खोलीत बसावं. २.४ वापरायचंच असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनल १, ६ किंवा ११ यांपैकी जे मोकळं असेल ते लावावं. बाकीचे चॅनल एकमेकांवर चढतात.

वस्तीवर शेजारचं घर दोन-तीनशे मीटरवर. तिथे गर्दीच नाही, त्यामुळे २.४ सुद्धा बरं चालतं. गावठाणातल्या दोस्ताचं ऐकून वस्तीवरच्या पोराने ५ लावलं आणि आतल्या खोलीत बसला, तर होतं ते बिघडतं.

तारेला पर्याय नाही

गेमसाठी सगळ्यात खात्रीचा उपाय जुनाच आहे, लॅनची तार. कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असेल तर राउटरपासून थेट तार जोडावी. अशी तार शंभर मीटरपर्यंत चालते. बऱ्याच अँड्रॉइड मोबाईलला चार्जिंगच्या जागी छोटा अडॅप्टर लावून लॅनची तार जोडता येते. दिसायला गबाळं दिसतं, पण पिंगचा आकडा स्थिर होतो.

मागच्या खोलीत वायफायच पाहिजे असेल तर तिथपर्यंत लॅनची तार न्यायची आणि तिथे दुसरा साधा राउटर लावायचा. जुना पडलेला राउटरही ॲक्सेस पॉइंट म्हणून चालू शकतो. बाजारात रिपीटर म्हणून भिंतीच्या प्लगला लावायची डबी मिळते, ती लोक घाईने घेतात. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर पुढे सांगतो. त्यामुळे वेग निम्म्यावर येतो आणि पिंग वाढतो. व्हिडिओ बघायला ती डबी चालेल, गेमसाठी नाही.

एका घरातून लांबच्या दुसऱ्या घरात नेट न्यायचं असेल तर तांब्याची लॅन तार उघड्यावरून ओढू नये. वळवाच्या पावसात वीज कडाडली की त्या तारेतून झटका येतो आणि दोन्हीकडची यंत्रं जळतात. तिथे फायबर टाकावं किंवा दोन्ही छतांवर समोरासमोर बसवायची वायरलेस यंत्रं लावावीत. त्यांना मात्र मध्ये आडकाठी चालत नाही. जूनमध्ये बसवलेलं यंत्र ऊस डोक्यावर गेल्यावर बंद पडायला नको, म्हणून उंची आधीच धरावी.

नेट खातंय कोण?

"नेट खातंय कोण" हा पोराचा सवाल चुकीचा नसतो, संशय मात्र चुकीच्या माणसावर असतो. आईची मालिका किंवा बहिणीचा व्हिडिओ सहसा तेवढा त्रास देत नाही. खरा भार पडतो तो वर जाणाऱ्या डेटाचा, ज्याला अपलोड म्हणतात. गोठ्यावर, विहिरीवर बसवलेले सीसीटीव्ही कॅमेरे रात्रंदिवस चित्र इंटरनेटवर पाठवत असतात. कुणाच्या तरी मोबाईलमधले लग्नाचे फोटो-व्हिडिओ आपोआप वर चढत असतात. व्हॉट्सॲपचा बॅकअप रात्रीच सुरू होतो.

साखर कारखान्याच्या यार्डात उसाच्या गाड्यांची रांग लागते तसं राउटरमध्ये होतं. मोठ्या गाड्या पुढे उभ्या आणि गेमची छोटी किटली रांगेत मागे. रस्ता मोठा असला तरी रांगेतून सुटका नाही. यावर उपाय म्हणजे कॅमेऱ्याचं चित्र मेमरी कार्डवर साठवायचं, वर पाठवायचं तर कमी दर्जाचं पाठवायचं, बॅकअप पहाटेला लावायचे आणि राउटरमध्ये क्यूओएस नावाची सेटिंग असेल तर गेमच्या मोबाईलला आधी वाट द्यायची.

लाईट गेली की नेट गेलं

वस्तीवरचं आणखी एक दुखणं विजेचं. अनेक वस्त्या शेतीच्या फीडरवर आहेत. थ्री फेज ठरलेल्या तासांपुरतीच, बाकी वेळ सिंगल फेज आली तर आली. व्होल्टेज खाली-वर झालं की राउटर बंद होऊन परत चालू होतो आणि त्यात दोन-तीन मिनिटं जातात. लोकांना वाटतं नेट गेलं, खरं तर लाईटने झोल दिलेला असतो.

बहुतेक राउटर बारा व्होल्टवर चालतात आणि वीज फार कमी खातात. त्यांच्यासाठी छोटे यूपीएस बाजारात मिळतात, घरच्या इन्व्हर्टरवर टाकलं तरी चालतं. फक्त अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्यावेत. पाऊस-वारा सुरू झाला की राउटरचा प्लग काढून ठेवण्याची सवय मात्र यूपीएस असला तरी सोडू नये.

दोष बाहेरचा असेल तर

राउटरजवळ बसूनही पिंग उड्या मारत असेल तर घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. राउटरवर एलओएस लिहिलेला लाल दिवा लागला असेल तर तार तुटलीय. रस्त्याच्या कामात जेसीबीने फायबर तोडणं हे आता रोजचंच झालंय. दिवा हिरवा असूनही रोज रात्री आठ ते अकरा याच वेळेत पिंग चढत असेल तर पुढची वाट गर्दीची आहे. टॉवरवरून घरी येणाऱ्या वायरलेस नेटमध्ये हे जास्त जाणवतं, कारण तो टॉवर सगळ्या गावाचा असतो. वस्तीवर बऱ्याचदा तेवढाच पर्याय असतो. तिथे निदान बाहेरचा अँटेना टॉवरच्या दिशेने, झाडाआड न येता बसवलाय का, हे बघून घ्यावं.

तक्रार करताना "नेट स्लो आहे" एवढं सांगून भागत नाही. माणूस येतो, स्पीड टेस्ट लावतो, आकडा बरोबर दाखवतो आणि जातो. म्हणून तीन दिवस वहीत लिहावं : सकाळी सात, दुपारी एक, रात्री नऊ, त्या वेळी पिंग किती. ट्रायचं मायस्पीड नावाचं ॲप मोफत आहे, त्याचे स्क्रीनशॉट ठेवावेत. ट्रायने २०२४ साली सेवेच्या दर्जाचे नवे नियम आणले आणि ते १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाले. त्यात नुसता स्पीड नाही, तर डेटाला लागणारा उशीर आणि वाटेत सांडणारा डेटा हेही दर्जाचे निकष आहेत. म्हणजे पिंगची तक्रार ही पोरांची थेरं नाहीत, ती नियमात बसणारी तक्रार आहे.

तक्रार नोंदवली की तिचा नंबर मागून घ्यावा. नंबर नाही तर तक्रारच नाही असं समजावं. दाद लागली नाही तर त्याच कंपनीच्या अपील विभागाकडे जाता येतं, आणि तिथेही काही झालं नाही तर केंद्र सरकारच्या सार्वजनिक तक्रार पोर्टलवर. ट्राय स्वतः एकेकट्या ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे अर्ज करून वाट बघत बसू नये.

भारतनेट पंचायतीपर्यंत, पुढे काय?

हा प्रश्न एका घराचा नाही. गावोगावी फायबर नेण्याच्या योजनेला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली. पुढे तिचं नाव भारतनेट झालं. मूळ कल्पना होती ती फायबर ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याची. पण आपल्याकडे माणूस पंचायतीत राहत नाही. अर्धं गाव वस्त्यांवर, एक-दोन किलोमीटर लांब. त्या शेवटच्या तुकड्याचं काय, हा खरा प्रश्न आहे.

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित भारतनेटला १ लाख ३९ हजार ५७९ कोटी रुपयांची मंजुरी दिली. त्यात दोन गोष्टी आपल्या कामाच्या आहेत. एक, पंचायती रिंग पद्धतीने जोडायच्या, म्हणजे एका बाजूने तार तुटली तरी दुसऱ्या बाजूने नेट चालू राहील. दोन, ग्रामीण घरांना फायबरची दीड कोटी कनेक्शनं द्यायची. कागदावर हे बरोबर आहे. गावाने मात्र विचारायला पाहिजे : आपल्या पंचायतीतलं यंत्र चालू आहे का? तार तुटली तर जोडायची जबाबदारी कोणाची? वस्तीपर्यंत कनेक्शन कधी आणि कोणामार्फत? ग्रामसभेत रस्ता, पाणी, गटार यांचे विषय निघतात. नेटचा विषय अजून फारसा निघत नाही, कारण तो पोरांच्या खेळाचा विषय समजला जातो.

गेम आणि जुगार एक नव्हे

घरच्यांचा राग नेटपेक्षा गेमवर जास्त असतो, आणि तो बिनबुडाचा नाही. पैसे लावून खेळायच्या ॲपांनी खेड्यातलीही घरं पोळलीत. त्यावर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला आणि २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ त्यात बंद केलेत. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. जाहिरात करणाऱ्यालाही शिक्षा आहे. खेळणाऱ्याला शिक्षा नाही. त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्सला मात्र मान्यता आणि प्रोत्साहन दिलंय. हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला पदकं होती. म्हणजे पोराच्या हातातला गेम म्हटलं की जुगारच, असं धरून चालणार नाही.

धोका आता दुसऱ्या दाराने येतोय. "पिंग शून्य करा", "नेट तिप्पट करा" म्हणणारी ॲपं. मोबाईलमधलं कुठलंही ॲप घराची भिंत पातळ करत नाही की तुटकी तार जोडत नाही. अशी फाइल व्हॉट्सॲपवरून आली आणि ती मेसेज वाचायची परवानगी मागायला लागली तर ती ओटीपीसाठी आहे हे ओळखावं. ज्या मोबाईलवर बापाचं बँकेचं खातं आहे त्यावर असलं काही टाकूच नये. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करावा. जितका उशीर तितकी पैसे परत मिळायची आशा कमी.

आणि नेट सुधारलं म्हणून रात्रभर खेळायचं असंही नाही. पोरगा झोपत नसेल, जेवत नसेल, शाळा-कॉलेज बुडवत असेल तर ते राउटरचं दुखणं नाही. त्यासाठी १४४१६ हा सरकारी टेली-मानस नंबर आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

वहीतले आकडे सगळ्या घराचे

गेममध्ये पिंग उडतो तेव्हा पोराला लगेच कळतं. बाकीच्यांना तेच दुखणं वेगळ्या रूपात भेटतं. ई-पीक पाहणीचा फोटो चढत नाही. ई-संजीवनीवर डॉक्टरांचा आवाज तुटतो. ऑनलाइन परीक्षेत शेवटचं उत्तर जमा होत नाही. पुण्याहून सुट्टीला आलेल्या सुनेची मीटिंग बंद पडते आणि ती दोन दिवस आधीच परत जाते.

तार एकच आहे. पोरगा खेळासाठी ती दुरुस्त करून मागत असेल तर त्याला घरातून गप्प करण्यापेक्षा त्याच्या हातात वही द्यावी आणि तीन दिवसांचे आकडे लिहून आणायला सांगावं. ते आकडे घेऊन बापाने नेटवाल्याकडे जावं आणि दहा-बारा घरांचे आकडे जमले की सगळ्यांनी मिळून ग्रामसभेत. प्लॅन वाढवायचा की नाही, ते त्यानंतर ठरवता येईल.